गोल मारल्यावर माफी मागू नये

झिलू वेळीपाला रेल्वेत नोकरी लागली ती त्याच्या उजव्या पायामुळे. डोकं, हात, अक्षर, वशिला, यांतल्या कशाचाही तिथे संबंध आला नाही. मी त्या वेळी कॅसलरॉकला गुड्स क्लार्क होतो आणि ती भरती माझ्या डोळ्यांदेखत झाली, म्हणून ठासून सांगतो.

साल एकोणीसशे बारा. दसरा होऊन गेला होता आणि मैदानातला चिखल नुकता वाळायला लागला होता. मैदान म्हणजे यार्डाच्या मागे दरीच्या काठावर सपाट केलेला एक तुकडा. चेंडू दरीत गेला की दोन खलाशी, म्हणजे रेल्वेचे मजूर, उतरायचे, अर्धा तास जायचा आणि तेवढ्यात साहेब लोक चहा उरकून घ्यायचे. त्या दिवशी खलाशी निघायच्या आतच चेंडू वर आला. नुसता वर आला नाही, अख्खं मैदान ओलांडून मालधक्क्याच्या पत्र्यावर आदळला. लोको शेडचे फोरमन बर्टन साहेब काठावर जाऊन बघतात तर खाली एक लंगोटीवाला कुणबी उभा. डोक्यावर कंदांची टोपली, आणि टोपलीतला एक कंद हललेला नाही.

"कोण आहे तो?" साहेबांनी विचारलं.

"कुवेशीचा असेल, साहेब. कंद विकायला आलाय."

"चूक," साहेब म्हणाले. "तो आपला खलाशी आहे."

एवढी घाई का, ते सांगितलं पाहिजे. गोव्याची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. गाडी थांबली की जकात नाक्याचे लोक प्रवाशांच्या ट्रंका उघडून काजूची दारू हुंगत बसायचे आणि गाडी खोळंबली म्हणून शिव्या मात्र आम्ही स्टेशनवाल्यांनी खायच्या. या वैराला दुसरी वाट नव्हती म्हणून ते फुटबॉलमध्ये शिरलं. दोन्हीकडे पगारी खेळाडू होते. कागदावर कुणी खलाशी, कुणी शिपाई. खरं काम लाथ मारणं. नाक्याचा गोलकीपर कायतान हा गोव्यातल्या कुळ्याकडचा, दाराएवढा रुंद माणूस. कागदावर तो दौती भरायचा. त्याला कधी कुणी शाईजवळ पाहिलं नाही.

गोल झाला की आमची माणसं मैदानात उकिडवी बसून ट्रंक उघडल्याचं सोंग करायची, आतून नसलेली बाटली काढून हुंगायची आणि नाकेवाल्यांकडे बघून डोळा मारायची. त्यांचा गोल झाला की ते अकराच्या अकरा आडवे पडून घोरायचे, म्हणजे कामावर झोपणारा आमचा पॉइंट्समन. यावरून दोनदा डोकी फुटली. तेव्हा बर्टन साहेब आणि नाक्याचे साहेब यांनी बसून नियम केले. साहेब इंग्रजीत सांगत, मी मराठीत लिहून पार्सल खोलीच्या दारावर खळीने चिकटवत असे. नियम पहिला: गोल झाल्यावर कोणीही ट्रंक उघडू नये, खरी अथवा काल्पनिक. नियम दुसरा: गोल झाल्यावर कोणीही घोरू नये. नियम तिसरा: बडवण्याचे पत्र्याचे डबे प्रेक्षकांनी घरी ठेवून यावे. माझं अक्षर त्या काळी वाखाणण्यासारखं होतं, आणि मला त्याचा गर्व होता.

झिलूला नोकरीबरोबर चाळीत पत्र्याची एक खोली मिळाली. त्याला नोकरीपेक्षा ती खोली हवी होती. त्याची बायको फुला सात महिन्यांची गरोदर होती. आधीची दोन मुलं कुवेशीला बाळंतपणातच गेली होती, दुसऱ्या वेळी फुलाही जाता जाता राहिली. इथे खोलीपासून चाळीस पावलांवर रेल्वेचा दवाखाना होता आणि तिथे शिकलेली, साबणाने हात धुणारी सुईण होती. ही चाळीस पावलं मिळावीत म्हणून झिलू काहीही करायला तयार होता. काहीही म्हणजे गोल मारायलासुद्धा.

पहिल्याच सामन्यात त्याने गोल मारला. चेंडू अडवायला झेपावलेला कायतान चिखलात पालथा पडला. आमचे लोक ओरडणार तेवढ्यात झिलू शांतपणे चालत त्याच्याजवळ गेला, गुडघे टेकून बसला, जमिनीवरचं हिरवं गवत खुडलं, कायतानच्या तोंडाशी धरलं आणि हात जोडून म्हणाला, "माफ कर रं बाबा. पोटासाठी केलं. राग धरू नगंस."

कायतानने डोळ्यांतला चिखल पुसला आणि समोर गवत पाहिलं.

"माका तण घालता?" तो गरजला. "हांव बैल रे?"

मग जे झालं ते विचारू नका. ट्रंक आणि घोरणं त्यापुढे पोरखेळ वाटावा अशी ही थट्टा आहे, असं दोन्हीकडच्या लोकांनी एकमताने ठरवलं. आमचे लोक हसून लोळले, त्यांचे लोक काठ्या घेऊन धावले. बर्टन साहेबांची हसता हसता टोपी पडली. दुसऱ्या दिवशी नाक्याच्या साहेबांचं दोन पानी पत्र आलं आणि संध्याकाळी दारावर चौथा नियम लागला: खेळाडूने प्रतिस्पर्ध्यास गवत चारू नये.

मी झिलूला मालधक्क्यावर गाठलं. "गाढवा, हे काय डोक्यात आलं तुझ्या?"

"बाबू, राखणाऱ्याच्या हातनं काढून घेतलं म्हंजी शिकारच की वो ती. त्यो आडवा पडला. आमच्या घरात रीत हाय. पाडलं की त्येला घास द्याचा, माफी मागायची, मगच उचलायचं."

"अरे, तो माणूस आहे. भेकर नव्हे!"

"मग? भेकराची मागायची आनि मानसाची न्हाई?"

मी चिडलो. वादात हरलो की मी चिडतो, हे माझी बायको सावित्री अजून लोकांना सांगते. झिलू मात्र खाली बसला आणि जमिनीकडे बघत बोलला.

"एका सालाला म्या भेकर मारलं. पाऊस लई हुता. घाई केली, तसंच खांद्यावर टाकलं, माफी मागितली न्हाई. घरला येऊन फाडलं तर पोटात पिल्लू. त्याच सालाला पैलं प्वार गेलं. फुडल्या खेपंला दुसरं. आता ह्ये तिसरं हाय, बाबू. आता चुकून न्हाई चालायचं."

यावर मी काय बोललो? "नियम तो नियम," एवढंच. कारकुनाच्या तोंडात देवाने दुसरं काही घातलेलंच नसतं.

झिलूने नियम पाळला. पुढच्या सामन्यात गोल मारल्यावर त्याने गवताला हात लावला नाही, लांबूनच हात जोडले. पाचवा नियम: गोल मारणाऱ्याने हात जोडू नयेत. मग त्याने नुसती मान लववली. सहावा नियम: मान लववू नये. मग तो काही न करता कायतानच्या समोर उभा राहून पुटपुटला. सातवा: पुटपुटू नये. दर वेळी नाक्याचे साहेब वहीत टिपून घेत आणि दर वेळी मी दौत उघडत असे.

मग झिलूने डोकं चालवलं. गोल मारल्यावर माफी चालत नाही ना, मग आधी मागून मोकळं व्हावं. सामना सुरू व्हायच्या आधीच तो भर मैदानात कायतानकडे गेला आणि म्हणाला, "आज तीन व्हतील असं वाटतंय. तिन्हींची माफी आत्ताच दे."

आणि तीन झाले. मोजून तीन.

त्या संध्याकाळी नाक्याच्या लोकांनी आमच्या सिग्नलचा दिवा फोडला. नववा नियम: सामन्यापूर्वी गोलांची संख्या सांगू नये. आठवा आमच्याच लखू खलाशाच्या कृपेने आधीच झाला होता. तो गोल झाल्याबरोबर शिंकला होता आणि ती शिंक खरी की मुद्दाम, यावर दोन साहेब तासभर भांडले. सर्दी असणाऱ्याने मैदानात येऊ नये, असं ठरलं.

सगळे रस्ते बंद झाल्यावर झिलूने फुलाला पुढे केलं. कायतान आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर नाक्याच्या चाळीत राहायचा. फुला अवघडलेल्या अंगाने कंदांची टोपली घेऊन तिकडे गेली आणि म्हातारीला म्हणाली, "आमच्या मानसानं तुमच्या ल्येकाला पाडलं, त्येचं हे." म्हातारीने कंद ठेवून घेतले, फुलाला बसवलं, पेज पाजली आणि कितवा महिना म्हणून विचारलं. दोघी संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या. पण टोपली नाकेवाल्यांनी पाहिली होती. बारावा नियम: खेळाडूच्या पत्नीने प्रतिस्पर्ध्याच्या घरी कंदमुळे पाठवू नयेत. हा लिहिताना मला पहिल्यांदा वाटलं, की आपण इंग्रजी चौथी उगाच पास झालो.

आता या नियमांचा परिणाम ऐका. गोल झाला की मैदानावर सुतक पडायचं. गोल मारणाऱ्याने हसायचं नाही, रडायचं नाही, वर बघायचं नाही, कारण वर बघणं म्हणजे देवाचे आभार आणि तो टोमणा. खाली बघायचं, पण फार वेळ नाही, कारण पडलेलं काही शोधतोय असं वाटतं आणि तोही टोमणा. एकदा आमच्या परशूने गोल मारला आणि भीतीने सगळेच असे दगडासारखे उभे राहिले, की शिट्टी वाजवणाऱ्याला गोल झाल्याचं कळलंच नाही. त्याने खेळ पुढे चालू केला. तेव्हा गोल झाल्याची खूण म्हणून डाव्या हाताचं एक बोट कमरेपर्यंत, आणि कमरेच्या वर मुळीच नाही, उचलावं असा नियम करावा लागला. बोट किती वर गेलं ते बघायला माझी नेमणूक झाली. मी दोन सामने लोकांच्या कमरा बघत काढले.

मार्गशीर्ष मध्यावर आला तेव्हा सतरा नियम झाले होते. नाताळच्या आधीच्या शनिवारी दोन्ही साहेबांनी ठेवलेल्या चषकाचा शेवटचा सामना ठरला. त्याच्या आदल्या दिवशी बर्टन साहेबांनी मला बोलावून एक नोटीस लिहायला सांगितली. झिलूने आणखी एक नियम मोडला तर नाक्याचे साहेब चषक घेऊन जातील; तसं झालं तर झिलूने त्याच संध्याकाळी नोकरी आणि खोली सोडावी. फुलाचे दिवस भरले होते. सुईणीने आज-उद्या म्हणून सांगितलं होतं.

मी नोटीस झिलूला वाचून दाखवली.

"गोलच मारला न्हाई तर, बाबू?"

"मग तुला ठेवलंय कशाला? तरी काढतील."

"आनि मारला, आनि माफी मागितली न्हाई तर?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उभा माणूस लंगोटी सोडून निळी चड्डी घातलेला. मी सतराच्या सतरा नियम खाली घेऊन बसलो, कुठे फट सापडते का बघायला. पण ते मीच लिहिले होते आणि चोख लिहिले होते. माझ्या हुशारीचा मला त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा कधी आला नाही.

"मनात माग," शेवटी मी म्हटलं.

"मनात मागितलेली त्येला कशी ऐकू जायाची?" झिलू म्हणाला आणि उठून गेला.

शनिवारी चारशे माणूस जमलं होतं. कायतानची म्हातारी तेवढी दिसत नव्हती. ती सकाळपासून फुलाजवळ बसली होती. सामना सुरू झाला आणि झिलू चेंडूपासून पळू लागला. चेंडू डावीकडे आला की हा उजवीकडे, उजवीकडे आला की हा दरीच्या काठाला. गांधीलमाशी मागे लागल्यासारखा तो मैदानभर धावत होता आणि चेंडू मेला त्यालाच शोधत होता. बर्टन साहेबांचा चेहरा लाल झाला. नाक्याचे साहेब गुडघ्यावर सतरा नियमांचा कागद उलगडून, पेन्सिल हातात धरून बसले होते. त्यांना खेळाशी कर्तव्यच नव्हतं. मधेच चाळीतलं एक पोर धावत आलं आणि म्हातारीचा काही निरोप कायतानच्या कानात सांगून गेलं.

शेवटची पाच मिनिटं उरली आणि परशूने मारलेला चेंडू झिलूच्या पायापुढे येऊन थांबला. झिलूने मारायचं नाही असं ठरवलं असेल, पण पायाला कोण सांगणार? चेंडू सुटला, कायतान झेपावला आणि धुळीत तोंडावर पडला. गोल.

चारशे माणूस चिडीचूप. नियमच होता तसा. शेडमधल्या इंजिनाची वाफ तेवढी ऐकू येत होती. झिलूने डावं बोट कमरेपर्यंत उचललं. वर बघितलं नाही, खाली बघितलं नाही. हात मांड्यांना घट्ट चिकटवले. ओठ मिटून घेतले, पण डोळे आता वाहतील की मग, असे झाले होते. रडण्यावरही नियम होता. नाक्याच्या साहेबांनी पेन्सिल त्या नियमावर नेऊन ठेवलेली मला दिसली. मी चषकासाठी नाही, त्या चाळीस पावलांसाठी देवाचा धावा केला.

तेवढ्यात कायतान उठला. तोंडावरची धूळ त्याने बाहीने पुसली. तो संथपणे चालत झिलूपाशी आला, आणि आता याला उचलून दरीत टाकतो की काय, म्हणून आमचे दोघं पुढे सरसावले. कायतानने झिलूच्या डोक्यावर आपला पंजा ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "झिल्या, माफ केलां रे तुका. आजचें, आदलें, सगळें माफ केलां. वच घरा. आवय सांगता, फुलाक कळा येतात."

झिलू धावला. मैदानातून, यार्डातून, रुळांवरून, जसा होता तसा. शेवटची शिट्टी त्याच्या पाठीमागे वाजली.

"कितवा नियम?" नाक्याचे साहेब माझ्यावर ओरडले. "कितवा मोडला?"

मी सगळा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. गोल मारणाऱ्याने हे करू नये, ते करू नये. गोल खाणाऱ्याने काय करू नये, याबद्दल एक अक्षर नव्हतं. "एकही नाही, साहेब," मी म्हटलं, आणि माझ्या सबंध नोकरीत ते वाक्य उच्चारताना जेवढा आनंद झाला तेवढा पुन्हा झाला नाही. आनंद चेहऱ्यावर दिसू दिला नाही, एवढंच.

दिवेलागणीच्या आत फुला बाळंत झाली. मुलगी. सुईणीने धुतलेल्या हातांनी घेतली, म्हातारीने न धुतलेल्या हातांनी दृष्ट काढली. मुलगी एवढ्या जोरात ओरडली की मालधक्क्यापर्यंत ऐकू आलं. मायलेकी दोघी सुखरूप. मुलीचं नाव केशर ठेवलं.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं.

नाताळ झाल्यावर कायतानला नाक्यावरून काढलं. हरलेल्या माणसाने जिंकलेल्याला भर मैदानात माफ करणं म्हणजे आपण मोठे आणि तो लहान असं दाखवणं, यासारखा टोमणा दुसरा नाही, आणि त्यामुळे खात्याची बेअब्रू झाली, असं कागदावर होतं. चषक आमच्याकडे राहिला, पण दोन्ही साहेबांचं या एका बाबतीत एकमत झालं. मला बोलावणं आलं. अठरावा नियम: गोल खाणाऱ्याने गोल मारणाऱ्यास माफ करू नये. खाली सगळ्या खेळाडूंनी अंगठे उठवावेत आणि कारकुनाने साक्षीदार म्हणून सही करावी.

झिलू रांगेत आला. "वाचा, बाबू," म्हणाला. मी वाचलं.

"त्येला ह्याच्यासाठी काढलं व्हय?"

"हो."

झिलूने शाईच्या गादीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "माजं प्वार आलं, बाबू. माजं काम झालं. आता ह्येच्यावर अंगठा न्हाई द्याचा."

त्याच दिवशी त्याने खोली सोडली. फुलाच्या छातीशी वीस दिवसांची केशर, याच्या डोक्यावर गाठोडं. कुवेशीची पायवाट उजवीकडे होती, पण तो रुळाच्या कडेने खाली कुळ्याकडे निघाला. मी विचारलं तर म्हणाला, "कायतानकडं जातो. आजवरचं सगळं खेळातलं पाडणं हुतं. ह्या येळेला त्येला खरंच पाडलं म्या. माफी मागायला नगं?" बर्टन साहेब आठवडाभर विचारत होते, तो पाय कुठे गेला म्हणून. माणसाचं नाव त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही.

पुढे झिलू कुवेशीला कंद लावून, मध काढून म्हातारा झाला. चेंडूला पुन्हा पाय लावला नाही. केशरचं लग्न दिग्गीला झालं तेव्हा कायतान बँडवाला घेऊन आला होता असं ऐकलं. मी गेलो नव्हतो. मला बोलावणं होतं.

कायतानची भाकरी ज्यासाठी गेली, त्याचा नियम करणाऱ्या कागदावर पहिली सही माझी होती. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं होतं. नंतर तो मला दोनदा लोंढ्याच्या फलाटावर भेटला, दोन्ही वेळा त्यानेच आधी "बाबू, बरे मू?" म्हणून विचारलं, आणि दोन्ही वेळा मी गाडीच्या वेळेबद्दल बोललो. झिलूच्या तोंडावर सतरा नियम होते तरी त्याने माफी मागितली. माझ्या आड एकही नियम नव्हता.